देवक : कुळाचे चिन्ह आणि त्याचा उगम

एखाद्या कुळाने एखादा प्राणी, वनस्पती किंवा वस्तू आपली मानावी, तिच्याशी रक्ताचे असावे तसे नाते सांगावे आणि त्या नात्याने काही विधिनिषेध पाळावेत, ही प्रथा जगाच्या अनेक भागांत आढळते. मानवशास्त्रात तिला टोटेमवाद म्हणतात. मराठीत टोटेमसाठी देवक हा शब्द रूढ आहे आणि तो योग्यही आहे, कारण महाराष्ट्रातील अनेक जातींत देवक आजही लग्नमांडवात बसवले जाते.

टोटेम हा शब्द उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या परिसरात राहणाऱ्या ओजिब्वे लोकांचा. जॉन लाँग या व्यापाऱ्याच्या १७९१ च्या प्रवासवर्णनातून तो युरोपात पोहोचला. लाँगने मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या होत्या. ओजिब्वे माणसाला स्वप्नात दिसणारा त्याचा व्यक्तिगत रक्षक प्राणी ही एक आणि बापाकडून मुलाकडे येणारे कुळाचे चिन्ह ही दुसरी. करकोचा, अस्वल, मार्टेन, मांजरमासा ही कुळांची चिन्हे होती. एका चिन्हाच्या माणसांत लग्न होत नसे. त्या प्राण्यांची पूजा होत नसे आणि त्यांचे मांस खाण्यालाही सरसकट बंदी नव्हती. पुढच्या शतकभराच्या चर्चेत या साध्या गोष्टीकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील हैदा, त्लिंगित आदी लोकांचे कोरीव लाकडी खांबही टोटेमचे खांब म्हणून प्रसिद्ध आहेत. मिशनऱ्यांनी त्यांना मूर्ती समजून नावे ठेवली. प्रत्यक्षात ते घराण्याची कथा, मान आणि हक्क सांगतात.

स्कॉटलंडच्या जॉन मॅक्लेनन यांनी १८६९-७० मध्ये टोटेमपूजा ही मानवाच्या धर्माची एक आरंभीची पायरी असल्याचे मांडले. जेम्स फ्रेझर यांनी १९१० मध्ये या विषयावर चार खंड प्रसिद्ध केले. दरम्यान स्पेन्सर आणि गिलन या संशोधकांनी मध्य ऑस्ट्रेलियातील अरुंटा लोकांचे सविस्तर वर्णन १८९९ मध्ये दिले होते. तिथे मुलाचे टोटेम आईबापांवरून ठरत नसे. आईला गर्भाची चाहूल ज्या जागी लागली, त्या जागेशी जोडलेल्या पूर्वजावरून ते ठरे. लग्नाचे नियमही टोटेमवर अवलंबून नव्हते. म्हणजे नाव, निषेध आणि लग्नबंदी या तिन्ही गोष्टी सगळीकडे एकत्र येतात, हे गृहीतच डळमळले. १९१० मध्येच अलेक्झांडर गोल्डनवायझर यांनी हे घटक स्वतंत्र असल्याचे दाखवून दिले.

एमिल दुर्खेम यांनी १९१२ मध्ये त्याच अरुंटा सामग्रीतून फार खोल जाणारा विचार मांडला. त्यांच्या निरीक्षणानुसार प्रत्यक्ष प्राण्यापेक्षा त्याचे कोरलेले चिन्ह अधिक पवित्र मानले जाते. पावित्र्य प्राण्याचे असते तर असे का व्हावे? दुर्खेम म्हणतात, माणसे एकत्र जमली की त्यांना आपल्याहून मोठ्या शक्तीचा अनुभव येतो. ती शक्ती समाजाचीच असते, पण समाज डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तो भाव चिन्हावर स्थिरावतो. सैनिक झेंड्यासाठी प्राण देतो, तेही याच कारणाने. क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी १९६२ मध्ये वेगळा प्रश्न विचारला. अस्वल आणि अस्वलकुळ यांच्यात साम्य शोधण्यात त्यांना अर्थ वाटत नाही. अस्वल आणि करकोचा जसे एकमेकांपासून वेगळे, तशी ती दोन कुळे वेगळी, एवढेच टोटेम सांगते. निसर्गातले भेद माणसाला समाजातले भेद मांडण्याची भाषा पुरवतात.

मराठी देवकाकडे पाहिले तर या दोन्ही विचारांची परीक्षा होते. मोरे कुळाचे मोरपीस, कदमांचा कळंब, पवारांची तलवारीची धार ही देवके प्रसिद्ध आहेत. एकच देवक असलेली माणसे भावकीची मानतात आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. देवक बसते तेही लग्नाच्या वेळी. घरातील विवाहित जोडपे देवकाच्या झाडाकडे जाते, पूजा करते आणि डहाळी तोडते. ती बहुधा मारुतीच्या देवळात ठेवून तिथून वाजतगाजत आणतात आणि मांडवाच्या खांबाला बांधतात. कार्य उरकले की देवक उठवतात. एक कुळ दुसऱ्या कुळापुढे उभे राहते त्याच क्षणी हे चिन्ह बाहेर काढले जावे, यात लेव्ही-स्त्रोस यांचा विचार स्पष्ट उतरलेला दिसतो.

पण तेवढ्याने भागत नाही. निव्वळ ओळख पटवायची असती तर नाव पुरले असते. देवकाचे झाड तोडू नये, त्याचे लाकूड जाळू नये, देवकाच्या प्राण्याला इजा करू नये, ही पाळणूक जिथे टिकली आहे तिथे भेदाच्या खुणेपेक्षा अधिक काही आहे. एरवी न तोडायच्या झाडाची एक डहाळी कित्येक वर्षांनी, पूजेनंतर तोडली जाते; आपण या झाडाचे आहोत, हे त्या कृतीतून शब्दांशिवाय सांगितले जाते. इथे दुर्खेम यांची साथ घ्यावीच लागते.

देवकाचे रूप बदलतही गेले. पंचपल्लवी, म्हणजे वड, पिंपळ, उंबर, आंबा आणि ठिकाणाप्रमाणे बदलणारे पाचवे झाड, हे अनेक कुळांचे सामाईक देवक आहे. ही पाने वैदिक-पौराणिक पूजाविधीतलीच असल्याने स्थानिक देवकांवर त्या विधीची छाया पडली असावी. सामाईक देवक कुळे वेगळी दाखवण्याचे काम करू शकत नाही. तिथे कुळी पाहूनच सोयरीक ठरते.

प्राचीन भारतात देवके होती का, याचा शोध नावांवरून घेतला गेला आहे. ऋग्वेदातील दाशराज्ञ युद्धाच्या सूक्तात मत्स्य, अज आणि शिग्रू असे गण येतात, म्हणजे मासा, बोकड आणि शेवगा. कश्यप म्हणजे कासव, कौशिक या नावात घुबड. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी अशा नावांतून गणसमाजाच्या खुणा वाचल्या. हा तर्क मोलाचा आहे, पण तो सावधपणेच स्वीकारावा लागतो. देवक सिद्ध व्हायला नावाबरोबर पाळणूक किंवा लग्नाचा नियम दिसावा लागतो. गोत्रात लग्नाचा नियम आहे, पण कश्यपगोत्री कासवासाठी काही पाळतात असे दिसत नाही; मत्स्य आणि शिग्रू यांच्याबाबत तर सूक्तात नावापलीकडे काहीच उरलेले नाही.