बरोबर आलेला हिशेब

एखाद्या योजनेचा हिशेब कागदावर जुळला, म्हणजे ती न्याय्य ठरली काय? ज्यांचे आयुष्य टिपणी लिहिण्यात नि आकडे पडताळण्यात जाते, त्या आमच्यासारख्या कारकुनांस हा प्रश्न क्वचितच पडतो. आम्हांस तो पडला, तो रांचीनजीकच्या नगडी प्रखंडामुळे.

तेथे ऑक्टोबर २०१७ पासून शिधावाटपाचा एक नवा प्रयोग झाला. तोवर गरीब कुटुंबास तांदूळ एक रुपया किलोने मिळे. नव्या व्यवस्थेत फरकाची रक्कम बँकेतील खात्यात जमा व्हावयाची, ती काढून आणावयाची आणि शिधादुकानातून तोच तांदूळ बत्तीस रुपये किलोने घ्यावयाचा. दुकानदाराने धान्य परस्पर काळ्या बाजारात वळवू नये, हा हेतू. आणि तो खोटा नव्हता. खरे सांगावयाचे तर, बातमी प्रथम वाचली तेव्हा आम्हांसही योजना सुबक वाटली होती. एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च, बाकी तीच.

परंतु पाच माणसांच्या कुटुंबाचा पंचवीस किलोंचा शिधा घ्या. पूर्वी गाठीस २५ रुपये असले की भागे; आता ८०० लागत. रक्कम वेळेवर आली नाही, किंवा घरातील कोणाच्या खात्यात आली हे उमगले नाही, तर बँकेत खेटे घालावयाचे. आणि दर खेपेस मजुरी बुडावयाची. हा खर्च हिशेबाच्या कोणत्याही रकान्यात नव्हता. गरिबाचा दिवस फुकटचा असतो, असे कोणी लिहिले नव्हते. ते गृहीत धरले होते. सरकारी नोकर दौऱ्यावर निघतो तेव्हा आगाऊ रक्कम मागतो, आणि घरच्या कामासाठी किरकोळ रजा टाकतो तेव्हा त्याचा पगार कापला जात नाही. यास आम्ही मेहेरबानी मानीत नाही, साधी रीत मानतो. मग ज्याच्या घरी आठवड्याचेही धान्य नसते, त्याने आधी पैसा उभा करावा असे लिहिताना लेखणी अडखळत कशी नाही?

फेब्रुवारी २०१८ मध्ये लोक नगडीहून रांचीपर्यंत मोर्चाने चालत आले; ऑगस्टमध्ये प्रयोग मागे घेण्यात आला. दहा महिन्यांची बुडालेली मजुरी कोणाच्या खात्यात जमा होणार?

गेल्या महिन्यात आमचे प्रवासबिल आक्षेप लागून परत आले. आम्ही चार दिवस कुरकुरत होतो. त्या चारही दिवशी घरात दोन्ही वेळा भात शिजला होता.