गाथा पाठ न होणारा भिक्खू आणि पाचवीचं गणित

धाकटा पाचवीत आहे, गणितात सारखा मागे पडतोय. क्लासची वर्षाची फी चोवीस हजार. ती भरायची तर थोरलीच्या पुढच्या शिक्षणासाठी चालवलेली आरडी मोडावी लागते. घरात सगळ्यांनी हा पैशाचा प्रश्न म्हणून धरला. मी पोस्टात काउंटरवर बसते, त्यामुळे पैशाचा भाग मला कुणी समजावायला नको. तीन वर्षं भरल्याशिवाय आरडी मोडता येत नाही आणि मुदतीआधी मोडली की व्याज बचत खात्याच्या दराने, म्हणजे चार टक्क्यांनी मिळतं. हा हिशेब मिनिटाभरात होतो. माझा अडला होता तो दुसराच. मुलाला येत नाही याला जबाबदार कोण, आणि आईबाप म्हणून आपण त्याचं नेमकं काय देणं लागतो? हा मला धम्माचा प्रश्न वाटतो, आणि तो मी धम्माच्याच अंगाने सोडवायचा प्रयत्न केला.

आधी मुलाचं सांगते. शाळा सेमी इंग्रजी. बाजारात भाजी घेताना पावशेराचे किती, पाऊण किलोचे किती, पन्नासातून परत किती यायचे, हे तो माझ्याआधी सांगतो. वहीत मात्र एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, असं विचारलं की एक चतुर्थांश म्हणतो, कारण चार तिनापेक्षा मोठे. थोरली नववीत आहे, हुशार आहे. तिने मनापासून त्याला शिकवायला घेतलं आणि एका संध्याकाळी वही मिटून म्हणाली, "आई, याला नाही येणार." तो तिथेच बसलेला होता. घाटी रुग्णालयात नेऊन डोळे, कान तपासून आणले. अध्ययन अक्षमतेचीही तपासणी करून घेतली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे, आणि ती असेल तर मुलाला सवलती मागता येतात, म्हणून ते पाहून घेणं मला गरजेचं वाटलं. तसं काही निघालं नाही. पालकसभेत बाई म्हणाल्या, घरी लक्ष द्या, नाहीतर क्लास लावा.

क्लासमध्ये त्याची चाचणी घेतली. रंगीत कागदावर लाल अक्षरांत 'वीक' असा शेरा आला. चाळीस मुलांची बॅच, शाळेच्या एक महिना पुढे चालणारा अभ्यासक्रम, दर रविवारी टेस्ट, फी तीन हप्त्यांत. समोर बसलेल्या मॅडम चांगल्या बोलल्या, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्याच सुमारास आमच्या विहारात वर्षावास चालू होता. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रात्री आठला ग्रंथवाचन असतं, आणि वाचन झाल्यावर भंतेजी थोडं बोलतात. त्यांनी एकदा चूळपंथकाची गोष्ट सांगितली. धम्मपदाच्या पंचविसाव्या गाथेवरच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या भाष्यात, ती येते. नंतर मी ती स्वतः मिळवून वाचली, कारण ऐकताना मला दुसरं काही सुचेना.

दोन भाऊ. थोरला महापंथक बुद्धिमान, संघात जाऊन अर्हत झालेला. त्याने धाकट्यालाही प्रव्रज्या, म्हणजे भिक्खूची दीक्षा, दिली आणि पाठ करायला एक गाथा दिली. चार महिने झाले, तरी धाकट्याला ती एक गाथा पाठ होईना. नवीन ओळ घ्यायला गेला की आधीची निसटायची. शेवटी थोरल्याने सांगितलं, तू या मार्गाला लायक नाहीस, घरी जा. त्याच सुमारास वैद्य जीवकाने संघाला भोजनाचं आमंत्रण दिलं, तेव्हा महापंथकाने सगळ्या भिक्खूंची नावं घेतली, फक्त भावाचं वगळलं. धाकटा पहाटे निघून चालला, तर वाटेत बुद्ध उभे. त्यांनी विचारलं, कुठे निघालास? भावाने काढून टाकलं, असं त्याने सांगितलं. बुद्धांचं म्हणणं असं की तुझी प्रव्रज्या माझ्या शासनात झाली आहे. भावाने काढलं तर तू माझ्याकडे का आला नाहीस? मग त्यांनी त्याला आपल्या कुटीसमोर पूर्वेकडे तोंड करून बसवलं, हातात एक स्वच्छ कापड दिलं आणि ते चोळत 'मळ निघून जातो' एवढंच म्हणत राहायला सांगितलं. उन्हात बसून चोळता चोळता ते पांढरं कापड मळलं. त्या मळलेल्या कापडाकडे बघताना, कुठलीच गोष्ट आहे तशी राहत नाही हे त्याला उमगलं, आणि जे चार महिन्यांच्या गाथेने झालं नव्हतं ते तिथे झालं. इकडे जीवकाच्या घरी बुद्धांनी पात्रावर हात ठेवला. विहारात अजून एक भिक्खू राहिलाय, असं सांगून त्याला बोलवायला लावलं.

बुद्धांनी त्याला तीच गाथा पुन्हा दिली नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सोपी करून दिली नाही, रोज दोनदा म्हणायला लावली नाही, दुसऱ्या कडक गुरूकडे पाठवलं नाही. गाथा सोडूनच दिली. हा मुलगा पाठांतराच्या वाटेने पोचणार नाही, हाताने आणि डोळ्यांनी पोचेल, हे त्यांनी ओळखलं. त्यासाठी आधी त्याच्याकडे नीट बघावं लागलं असेल. महापंथकाला ते जमलं नाही, आणि तो दुष्ट होता म्हणून जमलं नाही असं मला वाटत नाही. ज्याला स्वतःला एका झटक्यात येतं, त्याला न येणं दिसत नाही. माझी थोरली तशीच आहे, आणि ती गुणी मुलगी आहे.

पण अट्ठकथा तिथे थांबत नाही. पंथक असा मंद का, याचं उत्तर ती मागच्या जन्मात शोधते. काश्यप या आधीच्या बुद्धांच्या काळी तो हुशार भिक्खू होता. पाठ न होणाऱ्या एका भिक्खूला तो हसला, त्या बिचाऱ्याने लाजून शिकणंच सोडलं, आणि त्याचं फळ याला या जन्मी मिळालं. हे मी मान्य करत नाही. आदराने, पण ठामपणे नाही म्हणते. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची ही मांडणी नाकारली आहे. ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली आला. माणसाच्या दैन्याचं खापर त्याच्याच मागच्या जन्मावर फोडलं की समाज आणि सरकार मोकळं सुटतं, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. आज कुणी मुलाला पूर्वजन्म सांगत नाही. 'बुद्धीच तेवढी' म्हणतात, 'डोक्यातच नाही' म्हणतात, क्लासवाले 'वीक' लिहितात. काम तेच करतात. दोष मुलाच्या आत कुठेतरी नेऊन ठेवला की बाहेर कुणाला काही विचारायचं उरत नाही. 'असर'च्या २०२४च्या शैक्षणिक पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेली निम्मी मुलं सगळीच्या सगळी मागच्या जन्मी कुणाला तरी हसली होती का?

त्या गोष्टीतला एक तुकडा मात्र मी ठेवून घेतला. हसल्यामुळे एक माणूस शिकणं सोडतो. हे कारण आणि हा परिणाम दोन्ही एकाच जन्मात, एकाच वर्गात घडतात, आणि ते मी माझ्या घरात पाहिलं आहे. "याला नाही येणार" हे ऐकल्यापासून धाकटा बहिणीसमोर वही उघडत नव्हता.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं, आणि त्या म्हणण्याला वजन आहे. त्या चौथीपर्यंत शिकल्या. सासरे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकले, तिथल्या वसतिगृहात राहून. बाबासाहेबांनी १९५० साली ते कॉलेज काढलं नसतं तर आमचं घर आज जिथे आहे तिथे नसतं, हे आम्ही सगळेच जाणतो. सासूबाई म्हणाल्या, "सुभेदारांनी लेकींचे दागिने गहाण टाकून भीमाला पुस्तकं आणली, अन् तू आरडी मोडायला मागंपुढं बघतीस?" बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार यांची ही हकीकत खरी आहे. ते मुलीकडून पैसे उसने घेत, नसले तर तिचा दागिना सावकाराकडे ठेवत आणि पेन्शन आली की सोडवत. आमच्या समाजात शिक्षणावर खर्च करताना हात आखडणं म्हणजे पाप, आणि ते तसंच असलं पाहिजे. मीही त्याच शिकवणीवर वाढले.

म्हणून त्यांना उत्तर द्यायला मला वेळ लागला. सुभेदारांची गोष्ट मी पुन्हा आठवून पाहिली. त्यांनी आणली ती मुलाला हवी असलेली पुस्तकं. ते स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते, मुलाचं इंग्रजी आणि गणित त्यांनी स्वतः करून घेतलं. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत जागा नव्हती, म्हणून मुलाला लवकर झोपवायचं, आपण रात्री दोनपर्यंत जागायचं, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवायचं आणि आपण झोपायचं. दागिना गहाण पडला तो अशा बापाकडून, ज्याला मुलाला काय येतं आणि काय लागतं हे ठाऊक होतं. आम्हाला ते ठाऊक नव्हतं. माझं दिवसभर काउंटर, ह्यांची वाळूजच्या कारखान्यात पाळी. आम्ही दागिना टाकायला निघालो होतो, पण पुस्तक कुठलं आणायचं ते माहीत नव्हतं. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या गप्प बसल्या, पटलं असं म्हणाल्या नाहीत.

हे म्हणाले, मध्यम मार्ग काढू, फक्त गणिताचा क्लास लावू, फी निम्मी होईल. मध्यम मार्ग असा रकमेला दोनने भागून मिळत नाही. तथागतांनी भोग आणि देहदंड या दोन्ही टोकांना नाकारलं ते दोन्हींनी दुःख सुटत नाही म्हणून. निम्म्या फीत चुकीचं शिकवणं निम्मं मिळेल, एवढंच.

दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात गृहस्थाची कर्तव्यं सांगितली आहेत. आईबापांनी मुलांसाठी करायच्या पाच गोष्टींत त्यांना विद्या, कसब शिकवणं येतं. गुरूची कर्तव्यंही पाच, आणि त्यांत नुसतं शिकवणं नाही. शिष्याला ते नीट ग्रहण होईल असं शिकवणं आहे. म्हणजे मुलाला समजलं नाही ही बाब शिकवणाऱ्याच्या खात्यावर पडते. आपला कायदाही तेच ओळखून असावा. शिक्षण हक्क कायद्याच्या २८व्या कलमाने शाळेच्या शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई केली आहे, कारण वर्गात जे देणं लागतं ते बाहेर विकता कामा नये. आमच्या बाई शिकवणी घेत नाहीत, कायदा पाळतात. त्यांच्यामागे याद्या, सर्व्हे, निवडणुकीची कामं आहेत, हेही मला दिसतं. तरी मी पुन्हा शाळेत गेले आणि त्यांना एवढंच विचारलं: तो कुठल्या इयत्तेच्या गणितात अडलाय? त्यांना सांगता आलं नाही. क्लासमध्ये हाच प्रश्न विचारला, तर त्या मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे आल्यावर कव्हर होईल.

त्या उत्तरानंतर माझा निर्णय झाला. महिनाभर पुढे धावणारा अभ्यासक्रम म्हणजे तीच गाथा, जास्त वेगाने, चाळीस जणांत. ती मी विकत घेणार नव्हते.

आमच्या गल्लीत डी.एड. झालेली, टीईटी पास होऊन भरतीची वाट बघणारी एक मुलगी आहे. चार मुलांना शिकवते, महिना आठशे घेते. तिने पहिल्या दिवशी पाचवीचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्याला पाचशेतून एकशे सदतीस वजा करायला दिले. त्याने उत्तर काढलं चारशे सदतीस. तिने लगेच खोडलं नाही, कसं काढलं ते विचारलं. तो म्हणाला, शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातातून शून्य घालवलं. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा करायचा, असा नियम त्याने स्वतःच बसवला होता आणि तो इमानेइतबारे पाळत होता. याला मंद कसं म्हणायचं? तिसरीत हातचा घ्यायचा राहून गेला, त्यावर चौथी रचली गेली, त्यावर पाचवी, आणि तीही इंग्रजीतून. तिने काड्यांचे दहादहाचे गठ्ठे बांधून आणले. गठ्ठा सोडायचा, काड्या मोजायच्या, मग काढून घ्यायच्या. त्याच्या हातांना ते कळलं. तीनशे त्रेसष्ट त्याने स्वतः काढले.

पहिल्या घटक चाचणीत त्याला वीसपैकी सात मिळाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या चाचणीत काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि माझा निर्णय त्या आकड्यावर टांगलेला नाही. तो आता वही उघडतो, बहिणीसमोरसुद्धा. थोरलीला मी पंथकाची गोष्ट सांगितली, महापंथकासकट. ती हल्ली त्याला उत्तर सांगत नाही, कसं काढलंस ते विचारते.

क्लास लावूच नका, असं मी कुणाला म्हणणार नाही. कित्येक घरांत आईबापांना स्वतःला अक्षरओळख नाही, गल्लीत अशी मुलगी नाही, आणि क्लासमध्ये खरोखर जीव ओतून शिकवणारा माणूस बसलेला असतो. माझी विनंती एवढीच आहे की पैसे मोजण्याआधी त्या माणसाला विचारा: माझं मूल नेमकं कुठे अडलंय, आणि तुम्ही तिथून सुरुवात कराल का? मुलाला अर्धा तास समोर बसवून, त्याची वही चाळून तो याचं उत्तर देणार असेल, तर खुशाल आरडी मोडा. पोस्टात या, फॉर्म मी स्वतः भरून देईन.