घूस आणि पाया



स्पेनच्या उत्तर भागात लिओन नावाचे शहर आहे. तेथील कॅथेड्रल पवित्र मरियामातेला समर्पित आहे. फ्रान्समधील गॉथिक मंदिरांच्या धर्तीवर ते तेराव्या शतकात उभे राहिले. लांबी सुमारे ९० मीटर, आतली उंची ३० मीटर. पण त्याची खरी ओळख म्हणजे त्याच्या रंगीत काचा. सुमारे १,८०० चौरस मीटर काच! भिंतींना जागाच उरलेली नाही, इतक्या मोठ्या खिडक्या आहेत.

या मंदिराविषयी एक दंतकथा सांगतात. कारागीर दिवसभर बांधत आणि रात्री बांधकाम ढासळे. लोक म्हणू लागले, घुशीसारखा एक मोठा प्राणी रात्री येऊन पाया पोखरतो. शेवटी पाळत ठेवून त्याला मारले आणि त्याचे कातडे दाराच्या वर, आतल्या बाजूला टांगले. हे ‘कातडे’ पुढे नीट पाहिले गेले, तेव्हा ते समुद्री कासवाचे कवच निघाले! घूस नव्हतीच.

मग दोष कुठे होता? तो जमिनीखाली होता. रोमन काळात त्या जागी स्नानगृहे होती. गरम हवा खेळती राहावी म्हणून त्यांच्या फरशीखाली पोकळी ठेवलेली असे. दहाव्या शतकात राजा दुसरा ओर्दोन्यो याने तेथला आपला वाडा देवाच्या मंदिरासाठी दिला आणि पुढे त्याच जागेवर हे कॅथेड्रल आले. पाया कच्चा, दगड ठिसूळ, त्यात खिडक्या प्रचंड. १६३१ साली मधल्या भागाचे छत कोसळले. दुरुस्ती म्हणून वर जड घुमट चढवला. ओझे आणखी वाढले. एकोणिसाव्या शतकात सगळे मंदिरच पडायला आले.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरांतही असेच घडते. घर फुटले की आपण म्हणतो, “सून आली आणि सगळे बिघडले.” मुलगा मिस्साला येईनासा झाला की आपण म्हणतो, “मोबाईलने वाया घालवला.” भावाभावांत जमिनीवरून बोलणे बंद झाले की तिसऱ्याच माणसाने कान भरलेले असतात. प्रत्येक घरात एकेक घूस सापडते आणि तिचे कातडे आपण दारावर टांगतो. पण घरात एकत्र प्रार्थना किती वर्षे झाली नाही? भावाला क्षमा करायची किती वर्षे राहून गेली? ही पोकळी सून येण्याआधीची आहे.

खडकावर घर बांधणाऱ्या माणसाची गोष्ट प्रभू येशूने सांगितली. पाऊस आणि वारा दोन्ही घरांना सारखेच लागले. फरक फक्त पायात होता.

लिओनच्या लोकांनी अखेर खरे दुखणे ओळखले. १८५९ साली मोठी दुरुस्ती सुरू झाली. प्रथम तो जड घुमट उतरवला. कमकुवत भाग दगड-दगड सुटा करून पुन्हा बांधला. काचा काढून, दुरुस्त करून परत बसवल्या. एकामागून एक वास्तुशिल्पी आले. काहींना काम पुरे झालेले पाहताही आले नाही. १९०१ साली मंदिर पुन्हा उपासनेसाठी उघडले. पुढे २९ मे १९६६ रोजी, पेंटेकॉस्टच्या रविवारी, वीज पडून लाकडी छप्पर जळाले. खालच्या दगडी कमानी मात्र उभ्या राहिल्या.

पापनिवेदन म्हणजे अशीच दुरुस्ती. तेथे सुनेचे, शेजाऱ्याचे, भावाचे पाप सांगायचे नसते. आपले सांगायचे असते. आधी आपण चढवलेले ओझे उतरवायचे – अहंकाराचे, जुन्या रागाचे. वेळ लागेल, पण देव घाई करत नाही.

या आठवड्यात एका संध्याकाळी टीव्ही बंद करून सगळे एकत्र बसा. एक जपमाळ म्हणा. मग ज्याच्याशी बोलणे बंद आहे, त्याच्या दारी आपणच प्रथम जा. प्रभू आपल्या घरांचा पाया भक्कम करो. आमेन.

– आपला प्रमुख धर्मगुरू