वहिवाट

विचारून करावं, हे घरात शिकवलेलं असतं. दुसऱ्याच्या बांधावरचा आंबा विचारल्याशिवाय पाडू नये, दुसऱ्याच्या विहिरीवर मोटार लावायची तर आधी सांगावं. त्यात शंका घ्यायचं कारण नाही. पण विचारणंच चूक ठरावं अशी एखादी जागा असते का, हा प्रश्न मला साठीच्या पुढे पडला, आणि तोही पुतण्याच्या सायकलीपायी.

चांदणी चौक सोडून पौड रस्त्याला लागलं की बावधन, भूगाव आणि मग आमचं भुकूम. रविवारी सकाळी या रस्त्यावर सायकलवाल्यांची रांग असते. डोक्याला टोप, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, खाली गेरच्या सायकली. पुण्याची माणसं आहेत, हौस आहे, दमतात आणि पिरंगुटला मिसळ खाऊन परत जातात. आमचा पुतण्या हिंजवडीला नोकरी करतो. त्याला डांबरी रस्ता पुरेना. त्यानं जाड टायरची माउंटन बाईक घेतली आणि त्याच्यासारखेच चाळीसेक जण जमवले. तीन दिवसांची डोंगरातली सायकलफेरी करायची ठरली. पहिल्या दिवशी भुकूमवरून डोंगर ओलांडून मुठा खोऱ्यात उतरायचं आणि उरवड्यावरून पौडला मुक्काम. दुसऱ्या दिवशी मुळशी धरणाच्या कडेकडेनं ताम्हिणीकडे. तिसऱ्या दिवशी सायकली टेंपोत टाकून पौडला आणायच्या, कोळवण खोरं फिरायचं आणि घोटवडे, लवळे करत घरी. "काका, मोबाईलच्या नकाशात अर्ध्या वाटा नाहीतच. तुम्ही दाखवा," म्हणाला. मी गुरांमागं वाढलो, तेव्हा हे काम माझ्याकडे येणारच होतं.

सांगायला हरकत नाही, मला मजा आली. आमच्या खाटपेवाडीच्या डोंगरात रामनदी उगम पावते आणि भूगाव, बावधन, पाषाण करत मुळेला मिळते. तिच्या उगमाकडचे ओहोळ, सोंडा, खिंडी मी पंचवीस वर्षांनी पुन्हा पायाखाली घातल्या. पोरांना वाटायचं, डोंगर उतरायचा म्हणजे सरळ खाली. मी त्यांना गुरवाट दाखवली. गुरं कधी सरळ उतरत नाहीत, आडवी आडवी जातात. वाट सरळ खाली काढली की पहिल्या पावसात पाणी तीच धरतं, दोन पावसात तिथं गुडघाभर ओघळ पडतो. चाकानं पडलेली चाकोरी पाण्याला आयतीच मिळते. म्हणून पावसाळा नको म्हटलं. त्यांना हिरवाईचे फोटो हवे होते, थोडे हिरमुसले. दिवाळीही नको, तेव्हा भात कापून खाचरात पसरलेलं असतं. आमच्या तालुक्याच्या आंबेमोहराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण बांधावरनं चाळीस सायकली गेल्या तर बांधाला ते काय कळतंय? शेवटी जानेवारीचा शेवट धरला. झोडणी उरकलेली, हरभरा-मसूर उभा, पण खाचरांच्या वरून जाणाऱ्या वाटा मोकळ्या. फक्त गवत वाळलेलं, म्हणून विडी-सिगारेट बंद, हे मी कागदावर लिहून घेतलं. अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. ताम्हिणीला २०१३ साली अभयारण्य झालं. तिथला कागद पोरांनी रीतसर काढला, आणि मीच त्यांना तो काढायला लावला. म्हणजे परवानगीशी माझं भांडण नाही.

भांडण निघालं ते आमच्याच डोंगराच्या खांद्यावर.

तिथून एक वाट पलीकडच्या ओढ्यावर जाते. आमची गुरं तिनं जायची, माझ्या वडिलांची जायची, त्यांच्या वडिलांचीही. दोन्ही बाजूंची जमीन मागे कधीतरी विकली गेली, विकत घेणारा बाहेरचा. त्यात गैर काही नाही, विकणारे आमचेच. पण दसऱ्यानंतर तिथं तारेचं कंपाउंड पडलं आणि वाटेवर लोखंडी फाटक. गुराखी पोरांना राखणदार परत पाठवू लागला. गावात अर्जाची तयारी चालली होती. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे. त्याच्या कलम ५ खाली, वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. गावनकाशा काढला. गावनकाशात गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं दाखवतात, पायवाट तुटक एकेरी रेषेनं. सगळ्याच वाटा त्यात नसतात. आमची नव्हती. मग उरते ती वहिवाट.

हा शब्द मला फार आवडतो. शहरातल्या वाचकाला तो कोर्टकचेरीचा वाटेल, पण आमच्याकडे तो रोजचा आहे. जे चालत आलं ते, वापरानं जे आपलं झालं ते. इंग्रजांनी १८८२ साली सुविधाधिकाराचा कायदा केला, त्यातही हेच आहे: उघडपणे, तंटा न होता, हक्क म्हणून, खंड न पडता वीस वर्षं वापरलं, तर तो वापर हक्क होतो. त्यातले 'हक्क म्हणून' हे शब्द महत्त्वाचे. कुणाच्या मेहेरबानीनं, विचारून, हो म्हणवून घेऊन वापरलं असेल तर वीस काय, चाळीस वर्षांनीही वहिवाट होत नाही.

आता सायकलवाल्यांची वाट नेमकी त्याच फाटकातून जात होती, आणि तोच टप्पा सगळ्यात देखणा. खांद्यावर गेलं की एकीकडे पुण्याच्या इमारती आणि दुसरीकडे मुठा खोरं. पोरांनी मालकाच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, या की! तीन दिवस काय, दर वर्षी या, पाण्याची सोय करतो. फक्त एक पत्र द्या, की अमुक तारखेला आपल्या मालकीच्या जागेतून जायला परवानगी मिळावी. पत्र गावातल्या माणसाच्या सहीनं असलं तर बरं.

पुतण्या कागद टाईप करून घेऊन आला. "काका, एवढी एक सही."

मी म्हटलं, देत नाही.

त्याला राग आला आणि तो मला समजू शकतो. तो म्हणाला, माणूस चांगुलपणानं फाटक उघडतोय आणि तुम्ही विचारायलासुद्धा तयार नाही. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून केप एपिक नावाची आठ दिवसांची शर्यत होते, ती कितीतरी शेतमालकांच्या जमिनीतून जाते, ते सगळे परवानगी देतात, म्हणून तर होते. त्याचं खरं होतं. ज्याच्या द्राक्षमळ्यातून जायचं त्याला विचारलंच पाहिजे. मळा त्याचा आहे. पण इथं मी ज्याला विचारणार होतो, त्याच्या मालकीबद्दलच तर तंटा होता. जमीन त्याची, सातबारा त्याचा, कबूल. वाट त्याची आहे का? ज्या माणसाची गुरं त्या वाटेनं गेली, त्यानंच सही करून 'आपल्या जागेतून जाऊ द्यावे' असं लिहून दिलं, तर तहसीलदारापुढं गुराख्यांनी काय सांगायचं? आणि कायदा बाजूला ठेवला तरी दुसरी गोष्ट मला खुपत होती. फाटक उघडणार होतं ते पन्नास हजारांच्या सायकलींसाठी. म्हशींसाठी नाही. आपल्याला मिळते ती सवलत शेजाऱ्याला ज्या कारणानं नाकारलेली आहे, त्याच कारणानं ती आपल्याला मिळत असेल, तर ती घ्यावी का?

पुतण्याकडे अजून एक मुद्दा होता, आणि तो चांगला होता. "आपण नाही गेलो म्हणून फाटक उघडणारे का? उलट चाळीस माणसं गेली तर चाळीस साक्षीदार." मी रात्रभर त्यावर विचार केला. पत्र देऊन गेलेला माणूस वाटेचा साक्षीदार होत नाही, पत्राचा होतो. बरं, न विचारता घुसावं का? राखणदाराशी झोंबाझोंबी होईल, कुणी पडेल, फेरी तिथंच मोडेल. आणि आमच्या वाटेचा तंटा पुण्याच्या पाहुण्यांच्या खांद्यावरून लढायचा मला अधिकार नव्हता. ते रविवारी संध्याकाळी घरी जाणार होते.

मुळशीच्या माणसाला या गोष्टी जास्त लागतात, असं मला वाटतं. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी खोऱ्यातली पन्नासेक गावं बुडणार म्हणून सत्याग्रह झाला, तो १९२४ पर्यंत चालला. सेनापती बापटांचं नाव त्यानंच घराघरात गेलं. त्या लढ्यात एक फट सुरुवातीपासून होती. कागदावर जमिनी ज्यांच्या, त्या सावकारांपैकी अनेक जण पुण्यात राहायचे, त्यांना मोबदला चालणार होता. जे कसत होते त्यांना जमीन हवी होती. मालकानं हो म्हटलं आणि वापरणाऱ्याला कुणी विचारलंच नाही. सायकलफेरी आणि धरण यांची बरोबरी मी करत नाही, हसतील लोक. पण सही कुणाची घ्यायची हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

म्हणून मी दुसरीकडे विचारायला गेलो. खिंडीतली वाट मोकळी होती, तिथं फाटक नव्हतं, मालकही अडवत नव्हता. तिथं कागदाची गरज नव्हती. पण त्या वाटेनं सकाळी बायका सरपणाला जातात. एका म्हातारीला, नात्यानं मी तिला चुलती म्हणतो, मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. ती हसली. "मला इचारून काय उपेग बाबा? सातबारा हाय का माज्या नावावर?"

मी म्हटलं, चुलते, वाट तर तुझ्या पायाखालची आहे.

मग तिनं विचार केला. डोक्यावर मोळी असली की मान वळत नाही, मागून काय येतंय ते दिसत नाही. उतारावरनं सायकल आली तर ती कुठं जाणार? करवंदीच्या जाळीत. पोरं म्हणाली होती की त्यांच्यात नियमच आहे, चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. कॅलिफोर्नियात मरीन काउंटी म्हणून भाग आहे, तिथल्या डोंगरांत १९७० च्या दशकात हा खेळ वाढला. पुढे तिथंच चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांची एवढी जुंपली की अरुंद वाटांवर सायकलीला बंदी आली. नियम त्यातूनच घट्ट झाला. नियम चांगला आहे. पण आमच्या बायका तो वाचायच्या आधीच बाजूला होतात. आयुष्यभर सगळ्यांना वाट देत आल्यात, सायकलीची घंटा ऐकली की पाय आपोआप काट्यात जातो. ज्याला वाट द्यायची सवयच आहे, त्याच्याशी नियमानं वागणं पुरत नाही.

चुलती म्हणाली, "नऊपस्तोर आमची वाट. मंग तुमची. संध्याकाळी काय आमी तिकडं जात न्हाय."

एवढं सोपं होतं ते! पण पोरांना उन्हाआधी, सहाला निघायचं होतं. नऊनंतर खिंड म्हणजे मुठा खोऱ्यातली चढण भर दुपारी. कुरकुर झाली, दोघांनी नावं काढून घेतली. मी ऐकलं नाही. फेरी साडेनऊला सोडायची ठरली आणि तो कार्यक्रमपत्रिकेवर पहिलाच नियम छापला गेला.

एक गोष्ट मात्र मला पूर्ण सोडवता आली नाही. फेरी तीन दिवसांची, पण तिची रेघ कायमची. प्रत्येकाच्या मनगटावरचं घड्याळ वाट टिपून घेतं, घरी गेल्यावर ती सगळ्या जगाला दिसते. अंधारबनची वाट आम्ही तरुण असताना तिकडची माणसं आणि चार भटके सोडले तर कुणाला माहीत नव्हती. आता पावसाळ्यातल्या सुट्टीला तिथं जत्रा भरते, आणि गर्दीपायी वनखात्याला ती बंद ठेवण्याची वेळ आलेली आहे. चुलतीनं तीन दिवसांसाठी हो म्हटलं. त्यानंतर दर रविवारी सहाला येणाऱ्या अनोळखी सायकलीसाठी तिनं हो म्हटलेलं नाही. खिंडीचा तुकडा सगळ्यांना वाटलेल्या नकाशातून गाळला. तिथं फक्कीचे बाण आणि फिती लावल्या, त्या त्याच संध्याकाळी काढल्या. टिपण बंद ठेवा, असं सांगितलं. किती जणांनी ठेवलं असेल? निम्म्यांनी ठेवलं तरी पुष्कळ झालं. पण लपवण्याच्या बाजूनं मी पूर्ण नाही. कुणाला माहीत नसलेल्या वाटेवर फाटक घालणं फार सोपं असतं.

फाटकाचा टप्पा आम्ही गाळला. त्याऐवजी डांबरी रस्त्यानं सहा-सात किलोमीटरचा वळसा पडला, ट्रकच्या धुरातून. सगळ्यांनी नाकं मुरडली आणि एकानं मला तोंडावर सांगितलं की काका, सगळ्यात भारी सीन तुम्ही घालवलात. त्याला मी हो म्हटलं.

अर्ज फेब्रुवारीत दिला. वापराबद्दल जबाब हवे होते, म्हाताऱ्यांचे झाले, तरुण कमी पडत होते. पुतण्या आपणहून म्हणाला, मी देतो. लहानपणी तो आजोबांबरोबर म्हशी घेऊन त्या ओढ्यावर जायचा, एकदा त्याच वाटेवर त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, तो मीच काढला. कागद पुढं घेऊन त्यानं विचारलं, "काका, मागच्या वर्षी कंपाउंड नव्हतं तेव्हा मी दोनदा सायकलवर गेलोय तिथून. ते लिहू?"

"लिही. पण म्हशी आधी लिही."