आधी स्वप्न की आधी घाम?

माणसं एकत्र येतात ती समान स्वप्नामुळे, की एकत्र राबता राबता स्वप्न समान होतं?

4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू केली. पोलादाचं स्वप्न दिल्ली-मॉस्कोत ठरलेलं. लोहखनिज मात्र दल्ली-राजहराच्या खाणींतल्या मजुरांनी फोडलं, तांबड्या धुळीत माखून ट्रकमध्ये भरलं. त्यांचं स्वप्न कोणतं? पुढे कामगारनेते शंकर गुहा नियोगी त्यांच्यातच राहून ते ऐकत गेले. त्यातून दारूविरोधी मोहीम उभी राहिली; 1983 मध्ये मजुरांच्याच वर्गणीतून, श्रमातून शहीद हॉस्पिटल.

गीतेतला लोकसंग्रह, म्हणजे लोकांना एकत्र धरून ठेवणं, याहून वेगळा कसा असेल? तिथेही नेत्याचं आचरण आधी येतं.

28 सप्टेंबर 1991. भिलाईत झोपेतच नियोगींवर गोळी झाडली गेली. हॉस्पिटल चालूच राहिलं.