अग्राह्य

कचेरीत आमच्या मेजावर वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची प्रकरणे येतात. मधुमेह, मोतीबिंदू, मूतखडा, बाळंतपण. मनुष्यदेहाचे सारे दैन्य तेथे पावत्यांच्या रूपाने टाचणी लावून येते. कोणते दुःख नियमांत बसते व कोणते बसत नाही, ह्याची पहिली टिपणी आमच्यासारख्या पस्तिशीतल्या कारकुनाला लिहावी लागते. काही महिन्यांपूर्वी एका तरुण सहकाऱ्याचे देयक आले. औषधे केसगळतीवरील होती. आम्ही नियम पाहिला आणि 'सौंदर्यवर्धनार्थ. सबब अग्राह्य' असा शेरा मारून प्रकरण पुढे सरकवले. शेजारच्या मेजांवर त्यावरून थोडा विनोद झाला. त्यात आम्हीही भर घातली.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी आम्ही स्वतः करोलबागेत एका त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात, डोक्यावर टोपी घालून, आपला क्रमांक केव्हा येतो ह्याची वाट पाहत बसलो होतो.

ही विसंगती ध्यानी आल्यापासून एका प्रश्नाने आमचा पिच्छा पुरवला आहे. जे दुःख दुसऱ्याच्या ठायी हास्यास्पद वाटते तेच स्वतःच्या ठायी उपचारयोग्य का वाटावे? आणि जो रोगच नव्हे, त्यावर औषध घेणे हा विवेक म्हणावा की मोह?

आधी वस्तुस्थिती पाहू. मस्तकावर सुमारे १ लाख केस असतात व रोज ५० ते १०० गळणे स्वाभाविक असते. पुरुषी टकलाची गोष्ट निराळी. तेथे शरीरातील एक विकर टेस्टोस्टेरॉनपासून अधिक प्रखर असे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन तयार करते, आणि ज्यांची केशमुळे आनुवंशिकतेने त्या द्रव्याला हळवी असतात त्यांची मुळे आकसत जातात. दर फेऱ्याला उगवणारा केस आधीच्याहून बारीक व आखूड निघतो. १९४२ साली अमेरिकेत जेम्स हॅमिल्टन ह्यांनी दाखवून दिले की, वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण नाहीसे झाले त्यांना असे टक्कल पडत नाही. मात्र त्यांना ते संप्रेरक बाहेरून दिले तर घराण्यात टक्कल असणाऱ्यांचे केस जाऊ लागतात. म्हणजे पौरुष आणि वारसा ह्या दोहोंची सही असल्याखेरीज हा हुकूम निघत नाही.

औषधे हाती आली तीही आडवाटेने. मिनॉक्सिडिल मूळचे रक्तदाबावरचे. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागलेले पाहून त्याचा लेप निघाला व १९८८ मध्ये अमेरिकेत त्यास पुरुषांसाठी मान्यता मिळाली. फिनॅस्टेराइड १९९२ मध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीसाठी आले आणि १९९७ मध्ये, पाचव्या हिश्शाच्या मात्रेत, टकलासाठी. दोहोंचा गुण दिसण्यास महिने लागतात, आणि औषध थांबवले की राखलेले केसही जातात. गोळीमुळे थोड्या पुरुषांच्या कामेच्छेवर परिणाम होतो. २०२५ मध्ये युरोपच्या औषध-नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हाही तिचा संभाव्य दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. डॉक्टरांनी हे सारे शांतपणे सांगितले व म्हणाले, "आहेत ते टिकवणे हे मुख्य काम. गेलेले सगळे परत मागू नका."

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, निसर्गाच्या विरुद्ध जाऊ नये. परंतु चष्मा लावणारा, दात बसवून घेणारा, पांढरे केस काळे करणारा मनुष्य निसर्गाची कोणती आज्ञा पाळतो? दुसरा आक्षेप फसवणुकीचा. ज्यूलियस सीझर मागचे विरळ केस पुढे ओढी आणि विजयमाला सदैव मस्तकी धारण करण्याचा मान त्यास सर्वांत प्रिय होता, असे सुएटोनियसाने नमूद केले आहे. ती लपवाछपवी खरी. तथापि औषधाने टिकलेला केस खोटा नसतो. तो आपलाच असतो. उलट इ. स. ४०० च्या सुमारास सायरीनीच्या सिनेसियसाने टकलाची स्तुती करणारा एक ग्रंथच लिहिला. तो स्वतः टकलू होता. आम्हांस तर वाटते की, असा ग्रंथ लिहिणे हाही एक उपचारच होय.

केस गेल्याने नेमके काय जाते? तिरुमलेच्या डोंगरावर रोज हजारो स्त्री-पुरुष आनंदाने मुंडन करवितात व हलक्या मनाने पायऱ्या उतरतात. आणि आपल्याच समाजात, फार दूरच्या काळात नव्हे, विधवेचे केस तिच्या मनाविरुद्ध उतरवले जात. त्या क्रूर रूढीविरुद्ध १८९० च्या सुमारास मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी नाभिकांना संघटित केले. एकीकडे केस दिले जातात, दुसरीकडे हिरावले जातात. दुःख केसांत नसून संमतीत आहे. आमच्या डोक्यावरून जे जाते आहे ते आम्ही दिलेले नाही, आणि ज्याच्यापुढे तक्रार करावी असा अपराधीही कोणी नाही. म्हणूनच बहुधा ह्या दुःखाला प्रतिष्ठा लाभत नाही व लोकांना हसू येते.

पण आम्ही दवाखान्यात का गेलो, हे अजून सांगितले नाही. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. दहाव्याला वाईस कृष्णेच्या घाटावर क्षौर झाले. मागचे केस वाढले. पुढचे पूर्वीसारखे भरलेच नाहीत. परगावी नोकरी करणाऱ्यांना हा अनुभव असेल की, येथे रोज पाहणाऱ्यांना आपल्यातला बदल दिसत नाही; वर्षाने रजेवर घरी गेलो की तो एकदम, उंबरठ्यावरच दिसतो. गेल्या दिवाळीत आईने दार उघडले, क्षणभर पाहत राहिली आणि म्हणाली, "अगदी ह्यांच्यासारखा दिसायला लागलास रे." तिचे डोळे भरून आले होते, ती सुखावली होती. आम्ही मात्र आतून दचकलो. त्या वाक्यात आम्हांस वडिलांचे रूप भेटले नाही. रांगेतला आपला क्रमांक पुढे सरकल्याची सूचना ऐकू आली.

मग आम्ही डॉक्टरांकडे नेलेली तक्रार केसांची होती की काळाची? आमच्या मते ह्या प्रश्नाचा विवेक येथेच आहे. तक्रार केसांची असेल तर तिच्यावर औषध घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. फलाची मर्यादा व धोका समजून घ्यावा आणि खुशाल घ्यावे. तक्रार काळाची असेल तर त्या बाटलीत तिच्यावर काही नाही, आणि तसे ते असल्याची आशा विकणाऱ्यापासून दूर राहावे. बहुतेकांच्या ठायी दोन्ही तक्रारी एकत्र नांदतात. त्या वेगळ्या करण्याचे काम मात्र डॉक्टरांचे नव्हे.

आम्ही लेप सुरू केला आहे. गोळी तूर्त नाकारली. टोपी घरी ठेवली.

राहिले ते देयक. निर्णय बदलण्यासारखा नव्हता. सरकारी पैशाने आधी आजाऱ्याची सोय व्हावी हे आम्हांस आजही रास्तच वाटते. परंतु देयक अग्राह्य ठरले म्हणून दुःख अग्राह्य ठरत नाही, आणि आम्ही हसून नेमका तोच शेरा मारला होता. एके दुपारी चहाच्या वेळी त्या सहकाऱ्याला गाठून आम्ही क्षमा मागितली. लग्नाचे दोन ठिकाणी जमता जमता ह्याच कारणाने मोडले, एवढेच तो बोलला. आम्ही आमच्या शनिवारची हकीकत सांगितली. त्याने प्रथमच आमच्या डोक्याकडे नीट पाहिले, आणि काहीशा आस्थेने विचारले, "आपण लेप सकाळी लावता की रात्री?"