मोशेच्या सासऱ्याचा सल्ला



आपल्या किन्हीराजा परिसरातली मुले-मुली शिकून पुण्या-मुंबईला नोकरीला जातात. सणाला घरी आली की आई पगार नंतर विचारते, आधी विचारते, “एवढा का रे वाळलास?”

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या हिशेबतपासणी कंपनीतील २६ वर्षांची तरुणी मरण पावली. नोकरीला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. कामाच्या अतोनात ताणाने आपली मुलगी गेली, असे तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिले. कंपनीने ते मान्य केले नाही. खरे कारण ठरवणे आपले काम नव्हे. पण एक प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. वरच्या माणसाला खालच्या माणसाची दमणूक दिसते का?

कामावरचा ताण दीर्घकाळ तसाच राहिला की माणूस थकतो, कामाला विटतो, आपल्या हातून काही धड होत नाही असे त्याला वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची ‘बर्नआउट’ म्हणून नोंद केली. २०२२ मध्ये तिने वरिष्ठांनाच याबाबत प्रशिक्षण द्यावे, अशी शिफारस केली.

निर्गमच्या १८व्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलेला दिसतो. सासरा इथ्रो त्याला बजावतो की, अशाने तू झिजशील आणि हे लोकही झिजतील. विश्वासू माणसे नेम, भार वाटून घे. मोशे ऐकतो. पुढे शलमोनाचा मुलगा रहबाम याच्याकडे लोक जू हलके करण्याची विनवणी करतात. वडीलधाऱ्यांचा सल्ला झुगारून तो जू आणखी जड करण्याची धमकी देतो. दहा वंश त्याला सोडून जातात. एकाने ऐकले, दुसऱ्याने ऐकले नाही, फरक एवढाच.

मन बधिर होईल आणि शरीर झिजेल इतके काम लादणे हा अन्याय आहे, असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरूम नोव्हारूम’मध्ये शिकवले. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे तत्त्वज्ञ कांट यांचेही म्हणणे होते.

हे फक्त शहरातल्या साहेबांसाठी नाही. सोयाबीनच्या सोंगणीला मजूर लावणारे आपण, दुकानात पोऱ्या ठेवणारे आपण, शाळा चालवणारे आपण आणि धर्मग्राम सांभाळणारे आम्ही धर्मगुरूसुद्धा कोणाचे ना कोणाचे वरिष्ठ आहोत. भर उन्हात मजुराने पाणी मागितले, तर आपल्या कपाळाला आठी पडते का?

प्रेषित कामगिरीवरून परतले, तेव्हा प्रभू येशूने त्यांचे ऐकून घेतले. त्यांना जेवायलाही सवड नव्हती, म्हणून त्याने त्यांना एकांतात विसावा घ्यायला बोलावले. या आठवड्यात आपल्या हाताखालच्या एका तरी माणसाला विचारू या, “भार जास्त होतोय का?” आणि उत्तर ‘हो’ आले, तर त्यातला थोडा आपल्या खांद्यावर घेऊ या.